एका दमात सहा

हे मी आरूच्या जुन्या वहीत लिहितेय, मागची पानं कोरी राहिली व्हती त्याच्यावर. माझी शाळा नववीपर्यंत, तीबी पुरी नाय, तवा चुका झाल्या तर सांभाळून घ्या. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीपुढं बाकडं हाय, तिथं दर खेपेला एखादी नवी बाई बसलेली दिसती. तोंडाला पदर, मांडीवर नवी फाईल, आन् डोळे कुठंच नाय. मला तिच्याजवळ जाऊन बसावं वाटतं, पण बसले तरी तोंडातून शब्द निघत नाय. ती बाई म्हणजे मीच हाय, मागच्या पावसाळ्यातली. म्हणून तिच्यासाठी लिहिते.

वळण

आमची वस्ती ओझरच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. दोन्ही अंगाला ऊस. बिबट्याला आमी वाघच म्हणतो, आन् ऊस डोक्याच्या वर गेला की वाघ कुठंबी असतो. तवा उसातून गप जायचं नाय, मोठ्यानं बोलत जायचं, मोबाईलवर गाणी लावायची, काठी आपटत जायचं. माणूस येतंय हे त्याला लांबून कळलं की तो आपसूक बाजूला होतो.

ह्याच्यासाठीच शाळेत शीतलताईंनी लाठीकाठीचा क्लास चालू केला. त्या खेळाच्या मॅडम, तिशीच्या असतील, अंगानं बारीक. त्यांचे आजोबा जत्रंत काठी फिरवायचे, त्यांनी नातीला शिकवलं. आरू माझी दुसरीत, तिलाबी घातलं. शाळा सुटल्यावर तासभर क्लास, मंग मी तिला आणायला जायचे.

दोन महिने मला खोकला व्हता. टोमॅटोला औषध मारताना नाकात गेलं असंल असं मी सगळ्यांना सांगायचे, सांगता सांगता मलाबी खरं वाटायला लागलं व्हतं. गावात एक इंजेक्शन घेतलं, गोळ्या घेतल्या, चार दिवस बरं, परत तेच. साध्या चालण्यात दम लागायचा. शाळेपर्यंत जाताना मी दोनदा बसायचे, आन् कुणी बघितलं तर चपलेत खडा गेलाय म्हणून चप्पल झाडायचे.

त्या दिवशी दिवस मावळायला आला व्हता. आरू पुढं, हातात तिची छोटी काठी, मी मागं. बोलत जायचं असतं, पण चालायचं का बोलायचं, दोन्ही होईना, म्हणून मी गप व्हते. वळणावर तो बसलेला. कुत्रं बसतं तसा, पुढचे पाय जुळवून, आमच्याकडं तोंड करून.

सगळं पाठ हाय आमाला. पळायचं नाय, वाकायचं नाय, पोराला उचलून घ्यायचं, ओरडायचं. मी आरूला उचलायला गेले ती वाकलेच, आन् छातीभोवती कुणी दोरी आवळल्यागत झालं. तोंड उघडलं. आवाजच नाय. पंक्चर टायरमधून हवा जाती तसं नुसतं हिस्स.

आरूनं एक पाय मागं घेतला, काठी आडवी धरली आन् ओरडली, एक, दोन, तीन, चार. क्लासमधी ओरडतात तशी, पोटातून. तो उठला, त्याला काही घाई नव्हती, उसात गेला. पाती हलायची थांबली तरी ती मोजतच व्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत आरूचं लई कौतुक झालं. कौतुक संपल्यावर शीतलताई माझ्याकडं आल्या.

"वहिनी, तुमी का नाय ओरडला?"

"ओरडले की. आवाज निघाला नाय."

मला वाटलं हसतील. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आन् म्हणल्या, "एक दम घ्या आन् मोजा. मधी श्वास घ्यायचा नाय."

मी सहापर्यंत गेले. सातवा आकडा खोकल्यात गेला. लायनीतली पोरं हसली. शीतलताईंनी पहिलीतल्या एका पोरीला मोजायला लावलं, ती वीसच्या पुढं गेली, आन् मंग कुणी हसलं नाय.

"उद्या मी सुट्टी टाकते," त्या म्हणल्या, "तुमच्यासंगं दवाखान्यात येते."

पांढरी बाजू

डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. एक बाजू काळी, एक पांढरी. पांढरी बाजू चांगली असंल असं मला वाटलं, मी शीतलताईंकडं बघून हसलेसुद्धा. त्यांनी माझा हात धरला तवा कळलं.

छातीत पाणी झालंय म्हणले, आन् भरती करून घेतलं. पाठीमागून सुई घालून काढलं, गोमूत्राच्या रंगाचं, बाटलीभर. ते सगळं माझ्या आत व्हतं आन् मी टोमॅटो तोडत व्हते. चार दिवसांनी सगळे रिपोर्ट आले आन् डॉक्टरांनी नाव सांगितलं, टीबी. सहा महिने रोज गोळ्या, एकबी दिवस चुकवायचा नाय, बरा होतो. ते अजून बोलत व्हते पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी एकच विचारलं, "माझ्या पोरीला झाला असंल का?"

"तपासू," ते म्हणले. नाय म्हणले नाय.

आरूचे पप्पा पिकअप चालवतात, नारायणगावच्या मार्केटला माल नेतात. ते बाहेर उभे व्हते. गाडीची चावी बोटात फिरवत राहिले. मंग म्हणले, घरी सोडून कुणाला सांगायचं नाय, न्युमोनिया झालाय म्हणायचं. मला राग आला नाय. मलाबी तेच पायजे व्हतं.

वार्ड

वार्डात सकाळी उजाडायच्या आत सिस्टर थर्मामीटर घेऊन येते. मंग चहा, मंग गोळ्या, मंग प्लास्टिकचं एक खेळणं देतात, त्यात तीन गोळे, नळीनं हवा ओढली की गोळे वर जातात. माझा एक जायचा, तोबी अर्धा. शेजारच्या खाटंवर शिनोलीच्या एक आजी व्हत्या, शिनोली माझं माहेर, तेवढ्यावरनं आमची ओळख झाली. त्यांचे दोन जायचे, आन् त्या माझ्याकडं बघून भुवया उडवायच्या.

भीती कशाची ते सांगते. मरायची नव्हती, खरंच. भीती ही व्हती की मी घरी जाईन, आन् परत त्या वळणावर आरू पुढं आन् मी मागं, आन् परत आवाज निघणार नाय. रोज डोळे मिटले की तो तिथं बसलेला असायचा.

शीतलताई दोनदा येऊन गेल्या. नुसतं बसायच्या नाय. म्हणायच्या, हात पोटावर ठेवा, खांदे उचलू नका, दम खांद्यातून घेतला की काठीला जोर येत नाय. मी म्हणले, मला कुठं काठी फिरवायचीय? तर म्हणल्या, काठी शेवटी येती, आधी उभं राहायचं असतं, मंग श्वास, मंग नजर. मारायचं तर फार पुढं, बऱ्याच जणींना ते लागतच नाय.

आरूची तपासणी झाली. दोन दिवस निकाल नव्हता, ते दोन दिवस मी जेवले का नाय आठवत नाय. तिला काही नव्हतं. पुढं होऊ नये म्हणून तिलाबी गोळ्या दिल्या, पण सुरवातीचे आठवडे माझ्याजवळ येऊ द्यायचं नाय असं सांगितलं. मंग तिचे पप्पा तिला घेऊन यायचे आन् खिडकीखाली अंगणात उभी करायचे. ती खाली काठी फिरवायची आन् मोठ्यानं आकडे म्हणायची, मला वर ऐकू यावेत म्हणून. शिनोलीच्या आजी म्हणायच्या, तुझी पोरगी हाय का शाळंची घंटा. पण चार वाजले की त्याच मला हलवून खिडकीशी न्यायच्या.

कप

घरी आले. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांनी माझ्या कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला व्हता, ओळखायला. ताट वेगळं, तांब्या वेगळा. चहा पिऊन कप उपडा घातला की तो ठिपका वर यायचा. तिसऱ्या दिवशी लघवी लाल केशरी झाली, मी रक्तच समजले, मोरीत बसून रडले. नव्या बाई, तुलाबी होईल. ते गोळ्यांनी होतं. मला आधी कुणी सांगितलं असंल, पण मी ऐकलं नसंल.

दीड महिन्यानं ताप गेला, भूक लागायला लागली. शीतलताई सकाळच्या वेळी बायांचाबी क्लास घ्यायला लागल्या व्हत्या, आमच्याच देवळापुढच्या पटांगणात. मला काठी धरायची परवानगी नव्हती. त्यांनी मला दगडावर बसवलं आन् म्हणल्या, तुमी आकडे म्हणा, बाया तुमच्या आकड्यावर फिरतील. पयल्या दिवशी मी आठ म्हणून थांबायचे, बाया काठ्या वर धरून माझ्या दमाची वाट बघायच्या. मंग अकरा, मंग चौदा. घटाच्या आधी मी एका दमात सतरा मोजले.

बसून बसून मी बाया बघितल्या. एक व्हती, नवऱ्यापुढं मान वर न करणारी, तिला नजर समोर ठेवायला महिना लागला. एक साठीची, गुडघे दुखायचे, ती म्हणली आता मी उसातून एकटी जाती, वाघ नाय घाबरला तरी मी घाबरत नाय. सगळ्या काय झाशीला निघाल्या नव्हत्या. पण पाय कुठं ठेवायचा ते त्यांना कळायला लागलं व्हतं.

आन् क्लासचा एक नियम व्हता, तो इथं सांगायलाच पायजे. फिरवताना हातातून काठी निसटली तर लगेच मोठ्यानं "सुटली" म्हणायचं. लाज वाटली तरी म्हणायचं. कारण सुटलेली काठी दुसरीच्या डोक्यात बसती. एकीनं सुटली म्हणलं की सगळी लाईन थांबती, आन् परत एकपासून. कुणी रागावत नाय. न सांगता गुपचूप उचलली तर मात्र शीतलताई त्या दिवशी घरी पाठवतात.

नऊ माळा

वाघ दिसला त्या दिवशीच मी देवीला बोलले व्हते, आरू वाचली, मी घटी बसेन. म्हणजे नऊ दिवस कडक उपास, पाणी आन् दूध, शेवटच्या दिवशी सोडायचा.

पयल्या माळंला रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या आन् देवघरापुढंच उलटी झाली. आत्या म्हणल्या, जाऊ दे, घट हायत तवर राहू दे. मला खरं तर तेच ऐकायचं व्हतं. तापबी नव्हता, खोकलाबी नव्हता, आरशात तोंड चांगलं दिसत व्हतं. मला वाटलं नऊ दिवसांनी काय होतंय, देवी बघंल.

पण दवाखान्याचं काम करणाऱ्या गावच्या आशाताई आठवड्याला येऊन रिकामी पाकिटं बघायच्या. म्हणून मी रोज पाकिट फोडायचे आन् गोळ्या उकिरड्यात पुरायचे. हे लिहायला लाज वाटती, तरी लिहिते.

दसरा झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात संध्याकाळचा ताप परत आला. गोळ्या परत चालू केल्या व्हत्या, पण आता त्या पोटात जाऊन काय करतायत ते कळत नव्हतं. वार्डात मी ऐकलं व्हतं, गोळ्या मधी सोडल्या की रोग शिकतो, मंग त्याच गोळ्या त्याला लागत नाय. क्लासात मोजताना मी बाराला मान खाली घालून चोरून श्वास घेतला आन् सतरापर्यंत गेले. शीतलताईंनी नुसतं बघितलं.

आन् कोंबड्यांनी उकिरडा उकरला.

मी भांडी घासत व्हते. आरू आली, तिच्या फ्रॉकच्या ओच्यात मातीनं भरलेल्या गोळ्या, काही विरघळलेल्या, रंग मातीला लागलेला. तिनं त्या माझ्यापुढं पायरीवर एकेक करून मांडल्या. ती स्वतः रोज तिच्या गोळ्या घ्यायची, तोंड वाकडं करून, पण घ्यायची.

"मम्मी, ह्या तुझ्या हायत."

मी म्हणले, जुन्या हायत, खराब झालेल्या.

तिनं त्यातली एक गोळी बोटानं पुसली. मंग म्हणली, "तुझी सुटली, आन् तू सुटली म्हणली नाय."

आठ वर्षांची पोर. तिला माहीतबी नव्हतं ती काय बोलली. पण त्या घडीला मला ते दिसलं. माझी सुटलेली काठी कुणाच्या डोक्यात बसणार व्हती, तर ती तिथं पायरीवर बसलेली व्हती, माझ्यापासून हातभर लांब.

सुटली

दवाखान्यात मी, आरूचे पप्पा आन् आत्या. गाडीत मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसले. म्हणले, "तू गेली असतीस तर मी पोरीला काय सांगणार व्हतो? न्युमोनिया?" परत गाडी चालू केली. त्या दिवसानंतर ते कुणालाबी न्युमोनिया म्हणले नाय.

डॉक्टरांपुढं बसले आन् तोंड उघडलं. तोच वळणावरचा हिस्स. मी हात पोटावर ठेवला, खांदे खाली सोडले, आन् सांगितलं.

"सायेब, माझ्या गोळ्या सुटल्या. नऊ दिवस. मी आशाताईंशी खोटं बोलले."

ते रागावतील म्हणून मी खाली बघत बसले. त्यांच्या आधी आत्याच बोलल्या. "तिला नका बोलू. घट माझ्या घरात व्हता, मी राहू दे म्हणले. मला बोला." माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, आत्या माझ्या बाजूनं बोललेल्या मी तवा पयल्यांदा ऐकल्या.

डॉक्टर बोलले, बोलायला पायजेच व्हतं. थुंकी परत तपासायला पाठवली, औषध अजून लागू पडतंय का नाय ते बघायला. निकाल येईपर्यंत आरूपासून परत लांब. सिस्टर फाईल बांधता बांधता म्हणली, "उपासाला साबुदाणा चालतो, भगर चालती, बटाट्याचे वेफर चालतात, आन् गोळी तेवढी चालत नाय व्हय?" आत्या हसल्या आन् लगेच डोळ्याला पदर लावला.

क्लासला जाऊन मी शीतलताईंनाबी सांगितलं, सतराबी खोटे व्हते. सगळ्या बायांसमोर सांगितलं, रोगाचं नावसुद्धा. वाटलं दोन पावलं मागं सरतील. एक सरली, खोटं कशाला बोलू. बाकीच्या काठ्या टेकवून उभ्या राहिल्या. शीतलताई म्हणल्या, "मंग आज खरं मोजा."

नऊ झाले.

"हं," त्या म्हणल्या, "परत एकपासून."

निकालाला दिवस लागले. ते कसे काढले ते विचारू नका. मी ओसरीला झोपायचे, आरू आतून भिंतीवर बोटानं टकटक करायची, मी इकडून करायचे. मंग एका दुपारी फोन आला, आशाताईंचा. औषध लागू पडतंय. गोळ्या लांबतील, पण त्याच.

मी फोन ठेवला आन् उकिरड्यापाशी जाऊन बसले. कोंबड्या भोवती. त्यांनाच सांगितलं पयल्यांदा.

वळण, परत

आता थंडी सरत आलीय. माझ्या गोळ्या अजून थोड्या राहिल्यात, सुटलेल्या नऊ दिवसांसकट सगळ्या भरून. रोज जेवणानंतर आत्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात बसतात, गिळल्यावर तोंड उघडून दाखव म्हणतात, लहान पोराला सांगतात तसं. मी दाखवते. कपाच्या बुडाचा ठिपका अजून तसाच हाय, पण कप आता फळीवर सगळ्यांच्यात असतो, ज्याच्या हाताला येईल तो घेतो.

नव्या बाई, तुझंबी कधी सुटंल. सुटली की सांग. जिला सांगशील ती काय म्हणंल ते मला माहीत नाय. पण पुरलेलं कोंबडी उकरतीच.

काल आरूला आणायला गेले. मधी एकदाबी बसले नाय. येताना वळणाशी ऊसतोड चालू व्हती, अर्धा ऊस आडवा पडलेला, अर्धा उभा. ऊस तोडतात तवा वाघ जास्त बिथरतो, त्याची जागा जाती. आरू गेले काही महिने ह्या रस्त्यानं दोघींच्या वाटणीचं बोलायची, पाढे, कविता, शाळेतल्या चहाड्या, एकसारखं. काल उभ्या उसापाशी आली आन् गप झाली. माझ्याकडं बघितलं.

"आता तू," म्हणली.

मी पाय रोवला. पोटावर हात ठेवला नाय, लागला नाय. मोजायला लागले, मोठ्यानं, एक, दोन, तीन, नजर समोर उभ्या उसावर. दहा झाले, सोळा झाले, सतरा झाले, खरे सतरा. आरू ओठांनी माझ्यासंगं मोजत व्हती, आवाज न करता. माझा आवाज तोडलेल्या रानावरनं पार पलीकडं गेला, आन् तिकडं कोयते थांबले.

ऊसतोडीची एक बाई मोळीवर हात टेकून उभी राहिली. "काय गं," तिनं लांबून विचारलं, "वाघ दिसला का?"

"नाय बाई," मी ओरडले, "मोजतेय."

"काय मोजती?"

सांगायला दम पायजे व्हता. मी दम घेतला. आला.